पक्षी रविवारीच का येतात?

सप्टेंबर सरत आला की महाराष्ट्रात दुर्मीळ पाहुण्या पक्ष्यांच्या बातम्या सुरू होतात, त्या नोव्हेंबर संपेपर्यंत चालतात. या बातम्या कुणी तारीखवार मांडून बघितल्या तर पक्षिशास्त्राला अजून न सुटलेलं एक कोडं हाती लागतं. युरोपीय नीलपंख, ठिपकेदार माशीमार, तांबड्या पाठीचा खाटीक ही मंडळी मध्य आशियाच्या बाजूने निघतात, डोंगर आणि वाळवंटं ओलांडतात आणि दख्खनच्या पठारावर नेमकी रविवारी सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान उतरतात. काही शनिवारीही येतात. ती पाच दिवसांचा आठवडा असलेली असावीत. गांधी जयंती बुधवारी आली तर बुधवारीही हजेरी लावतात, दिवाळीच्या सुट्टीत तर चार-चार दिवस मुक्काम करतात. सोमवारी सकाळी मात्र सगळी गायब. जागेच्या बाबतीतही त्यांच्या आवडी ठरलेल्या आहेत. डांबरी रस्त्यापासून दहा मिनिटांच्या चालीवर, पुणे, नाशिक किंवा ठाण्यापासून गाडीने दीड तासाच्या आत आणि परतीच्या वाटेवर बरी मिसळ मिळत असेल तर उत्तमच. हिंगोली, परभणी, बीड या जिल्ह्यांवरून मात्र हे पक्षी डोळे मिटून पुढे जात असावेत, कारण तिकडच्या नोंदी शोधाव्या लागतात. याची दोनच स्पष्टीकरणं संभवतात. एक तर पक्ष्यांच्या घरट्यात कालनिर्णय टांगलेलं असतं. नाही तर इतकी वर्षं पक्षी मोजतो असं समजून आपण मोजलं ते आपल्यालाच. मला दुसरं स्पष्टीकरण पटतं. देशावर शरदात दिसणारा दुर्मीळ पाहुणा जितका दुर्मीळ वाटतो, त्यातला मोठा हिस्सा आपल्या सवडीने निर्माण केलेला आहे, एवढंच मला म्हणायचं आहे. ही गोष्ट पक्षिमित्रांच्या मेळाव्यात उभं राहून बोलण्यासारखी नाही, म्हणून लिहून काढलेली बरी.

आधी पक्ष्याची बाजू ऐकू. लहान चणीचे बहुतेक स्थलांतरित पक्षी रात्री उडतात. दिवसा खायचं, रात्री अंतर कापायचं आणि पहाटे जिथे दम संपेल तिथे खाली यायचं, असा त्यांचा क्रम. शरदातल्या थव्यांत त्याच वर्षी जन्मलेल्या पिल्लांचा भरणा मोठा असतो. अनेक जातींत या पोरांना वाट दाखवायला आईबाप बरोबर नसतात. कोणत्या दिशेला आणि साधारण किती दिवस उडायचं हे रक्तातूनच आलेलं असतं. त्यात वारा, ढग आणि परतीचा पाऊस यांनी थोडा फेर केला की एखादं पोर ठरल्या वाटेच्या पाच-सातशे किलोमीटर अलीकडे-पलीकडे उतरतं. या सगळ्यात आठवड्याच्या वाराला कुठेच जागा नाही. मंगोलियात २०१९ साली काही कुक्कू पक्ष्यांच्या पाठीवर छोटे ट्रान्समीटर बसवले होते. त्यातला ओनोन नावाचा पक्षी भारत आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेला आणि पुढच्या मे महिन्यात मंगोलियात परतला. एकूण प्रवास २६,००० किलोमीटरांहून जास्त, वाटेत सोळा देश. उपग्रहाला साप्ताहिक सुट्टी नसते, त्यामुळे ओनोन मंगळवारी कुठे होता आणि गुरुवारी कुठे, हे कळत राहिलं. याच पक्ष्याच्या पाठीवर यंत्र नसतं, तर भारतातला त्याचा मुक्काम एखाद्या रविवारी एखाद्या हौशी माणसाने वर मान केली तरच कागदावर आला असता. त्याच्यासारखे आणखी किती जण बिनयंत्राचे गेले असतील याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

समुद्रकिनाऱ्यावरच्या पक्षिनिरीक्षकाला हा त्रास जरा कमी. जमीन संपते तिथे पक्षी आपोआप गोळा होतात. पुढे पाणी दिसलं की थकलेला पक्षी शेवटच्या झाडावर बसतो आणि निरीक्षकही तिथेच खुर्ची टाकून बसतो. कच्छचं नशीबही तसंच. मध्य आशियातून आफ्रिकेकडे जाणाऱ्या वाटसरूंच्या वाटेवरच ते आहे, म्हणून सप्टेंबरात इकडची मंडळी आगगाडीचं तिकीट काढून तिकडे जातात आणि दोन दिवसांत वर्षभराची लायफरची, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसणाऱ्या पक्ष्याची, तहान भागवून येतात. देशावर यातलं काहीच नाही. पावसाळा नुकताच संपलेला, माळावर गुडघाभर गवत, बांधाबांधावर किडे, बाजरी कापणीला आलेली, ज्वारीची पेरणी चाललेली. उपाशी माशीमाराला एखाद्या ठरावीक झाडावर येण्याचं कारणच काय? इंदापूरपासून अंबाजोगाईपर्यंत त्याला कुठलंही बाभूळ चालतं. पाणपक्ष्यांची गोष्ट याहून गमतीची. ऑक्टोबरात आपली धरणं काठोकाठ भरलेली असतात, त्यामुळे तुतवार आणि चिखल्या ज्या चिखलात चोच खुपसून जगतात तो चिखलच नसतो. उजनीचं पाणी ओसरून भिगवणला रोहित पक्षी उतरायला पुढचे महिने उजाडावे लागतात. मग शरदातल्या वाटसरूला चिखल कुठे मिळतो? गावाच्या सांडपाण्यावरच्या डबक्यात, वीटभट्टीच्या खड्ड्यात, साखर कारखान्याच्या मागच्या ओढ्याला. सैबेरियात वाढलेला पक्षी इतक्या लांबून येऊन अशा जागी उतरतो आणि त्याला बघायला येणारी माणसं नाकाला रुमाल लावून निसर्गाच्या सान्निध्यात रमतात. पुण्याजवळचा कवडीपाट याच गुणासाठी प्रसिद्ध आहे. मुळा-मुठेवर फेस तरंगत असतो आणि फेसाच्या कडेने धोबी शेपटी हलवत फिरत असतात. फोटोत फेस येऊ नये म्हणून लेन्सची दिशा कशी बदलायची हे तिथे नेहमी येणाऱ्याला विचारावं.

याच दिवसांत पितृपक्षही येतो. वर्षातले हे पंधरा दिवस अख्खा महाराष्ट्र ताट वाढून गच्चीवर उभा राहतो आणि झाडातल्या पक्ष्याकडे टक लावून बघतो. स्थलांतराच्या ऐन हंगामात इतके डोळे, इतक्या गावांत, सकाळच्या वेळी आणि आठवड्याच्या सगळ्या वारी वर लागलेले! जगातल्या कोणत्याही पक्षिगणनेला हेवा वाटावा असा हा बंदोबस्त आहे. पण सगळ्यांना हवा असतो तो कावळा. त्याच चिंचेवर दोन फांद्या सोडून हिरवट पर्णवटवट्या नुकताच येऊन किडे टिपत असतो, चिवचिव करून आल्याची वर्दीही देतो, पण त्याने शिवलेलं पिंड कुणी ग्राह्य धरत नाही. माणसं वर बघत नाहीत असं नाही. काय बघायचं हे घरून ठरवून निघतात. आणि रविवारच्या निरीक्षकाचा दोष नेमका हाच आहे. फरक इतकाच की त्याच्या ताटात वरणभाताऐवजी दुर्बीण असते.

यावर जाणकार हरकत घेतील, आणि ती हलकी नाही. ते म्हणतील, सवडीचा मुद्दा ठीक, पण काही पक्षी इथे खरोखरच कमी येतात. उगाच सगळं खापर रविवारवर का फोडता? मान्य. दुर्मीळपणाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ करणं हीच आपली खोड. युरोपीय नीलपंख किंवा ठिपकेदार माशीमार यांचा मुख्य रस्ता वायव्य भारतावरून जातो. सासवड-जेजुरीच्या माळावर तो दिसतो तेव्हा आपण त्या रस्त्याच्या कडेला उभे असतो. रोज बघितलं तरी तो थोडाच दिसणार, हा दुर्मीळपणा त्याचा स्वतःचा. अमूर ससाण्याचं प्रकरण वेगळं आहे. दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा पक्षी आग्नेय सैबेरिया आणि उत्तर चीनमधून निघतो, ईशान्य भारतात लाखोंच्या संख्येने थांबतो आणि तिथून भारताचा द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेकडे जातो. नागालँडमधल्या दोयांगच्या जलाशयावर २०१२ साली जाळी लावून त्यांची जी कत्तल चालली होती तिची बातमी जगभर गेली आणि पुढे तिथल्या गावांनीच शिकार बंद केली. समुद्रावर या ससाण्यांना शिदोरी म्हणून त्याच वाऱ्यावर आफ्रिकेकडे निघालेल्या चतुरांचे थवे मिळत असावेत, असाही एक अंदाज मांडला गेला आहे. आता नकाशा घ्या आणि नागालँडपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत पट्टी ठेवा. मधे भारताचा जो भाग येतो त्यात आपण बऱ्यापैकी आहोत. तरीही लोणावळ्याच्या डोंगरावर चार-सहा अमूर ससाणे दिसले की ती बातमी होते. हा पक्षी आपल्याकडे येत नाही असं म्हणणं कठीण आहे. तो वरून जातो, उंचावरून जातो, लवकर जातो, आणि तेव्हा आपण कार्यालयात असतो. पहिल्या प्रकारचा दुर्मीळपणा निसर्गाचा, दुसरा आस्थापना विभागाचा. हे दोन्ही वेगळे काढायचे तर रोज बघण्याखेरीज उपाय नाही. रविवारच्या नोंदींवरून ते कधीच कळणार नाही, कारण त्यात दोघेही सारखेच विरळ दिसतात.

दुसरी हरकत ओळखीची. मंगळवारी दुपारी तळ्यावर एकटाच माणूस उभा होता आणि त्याने युरोपीय नीलपंख पाहिला म्हणून सांगितलं, तर खरं कशावरून? साधा भारतीय नीलपंख तारेवर पाठ करून बसला असेल. ही शंका रास्तच आहे. दोघांत फरक असा: आपल्या नीलपंखाची छाती तांबूस-तपकिरी आणि तिच्यावर फिकट रेघा, उडताना पंखात गडद आणि फिकट निळ्याचे पट्टे. युरोपीयाचं डोकं आणि छाती सबंध फिकट आकाशी, पाठ तांबूस, आणि पंख उघडला की त्याच्या मागच्या कडेची पिसं काळी. पुस्तकात हे अगदी सोपं दिसतं. पण शरदात येणारी पोरं कळकट असतात. त्यांच्या छातीवरही फिकट रेघा असतात, आणि दुपारच्या उन्हात, दोनशे मीटरवर, गरम हवा थरथरत असताना निळा कोणता आणि तपकिरी कोणता यावर जुने मित्र अबोला धरतात. ठिपकेदार माशीमाराची तऱ्हा याहून नाजूक. त्याच्या कपाळावर आणि छातीवर बारीक रेघा हव्यात. तपकिरी माशीमाराच्या डोळ्याभोवती ठसठशीत पांढरं कडं असतं, ते याला नसल्यात जमा. म्हणजे सगळा निकाल पाच-सहा मिलीमीटरच्या कपाळावर. म्हणून ई-बर्डसारख्या नोंदवहीत असा पक्षी भरला की ती लगेच हटकते, तपशील द्या म्हणते, आणि वर एक परीक्षक नम्रपणे पण निश्चितपणे तुमच्या डोळ्यांवर शंका घेतो. हे असंच असलं पाहिजे. एकट्याच्या नोंदीला कडक चाळणी लावा. एक धूसर ‘रेकॉर्ड शॉट’ किंवा जागेवर लिहिलेलं चार ओळींचं वर्णन मागा. पण या हरकतीतून रविवारच्या गर्दीच्या नोंदी जास्त भरवशाच्या ठरतात असा निष्कर्ष काढत असाल तर तिथे माझा विरोध आहे.

कारण गर्दीत ओळख कशी पटते ते पाहण्यासारखं असतं. सकाळी पावणेदहाला निरोप फिरतो. त्याखाली तीसेक अभिनंदनं, आणि मग एकामागून एक तोच प्रश्न: ‘लोकेशन?’ साडेअकरापर्यंत बांधावर नऊ गाड्या, बावीस माणसं, चार सहाशेच्या लेन्स आणि ‘साहेब, ऊस तुडवू नका’ म्हणणारा एक शेतकरी. आधी आलेला नंतर आलेल्याला दाखवायला लागतो. ‘ते बाभळीचं झाड दिसतंय का?’ समोर चाळीस बाभळी. ‘त्याच्या डावीकडे वाळकी फांदी.’ फांद्या सगळ्याच वाळक्या. ‘तिच्यावर बुलबुल बसलाय बघा, त्याच्या खाली हात-दीड हात.’ एवढं ऐकेपर्यंत बुलबुल उडालेला असतो आणि आता पूर्ण पत्ताच बदलायला हवा. शेवटी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मोठं करून दाखवतात, आणि नवा माणूस ‘हां, हां, दिसला’ म्हणतो. त्याला दिसला तो पडदा. तरी संध्याकाळी बावीस नोंदी पडतात आणि बावीस पुरावे जमा झाल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात पुरावा एकच आहे, सकाळच्या पहिल्या माणसाचा; त्याची चूक झाली असेल तर ती आता बावीस सह्यांनिशी पक्की झाली. न्यायालयात याला साक्षीदार पढवणं म्हणतात. या गर्दीचा मला राग नाही. माणसांनी एकत्र येऊन काहीतरी बघावं, डबे उघडावेत, यात वाईट काय? माझी तक्रार हिशेबापुरती आहे. पक्षी एक, पाहणारा एक आणि दर्शनार्थी एकवीस, असं मांडा.

तिसरी हरकत व्यवहाराची असते आणि ती बहुधा घरातूनच येते: रोज त्याच तळ्यावर जाऊन तेच धोबी, तेच शेकाटे आणि त्याच वारकरी पाणकोंबड्या मोजून काय मिळणार? याचं उत्तर कंटाळवाणं आहे, पण खरं आहे. ‘आज काही नव्हतं’ ही नोंद जेव्हा वहीत पडते तेव्हाच ‘आज होता’ याला किंमत येते. शंभर फेऱ्यांत तीनदा दिसला हे विधान झालं. तीनदा दिसला ही नुसती बातमी. आपल्याकडे बातम्या उदंड आणि छेदस्थान गायब. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल तयार झाला तो ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवरून. ९४२ जातींचा त्यात विचार आहे. हे काम दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदींवर झालेलं नाही. चिमणी, साळुंकी, बगळा, धोबी असल्या, कुणी अभिनंदन न केलेल्या नोंदींनी ते तोलून धरलं आहे. त्यातला एक निष्कर्ष आपल्या विषयाला चांगलाच झोंबतो. ज्या जातींची संख्या दीर्घकाळात ३० टक्क्यांहून जास्त घटल्याचं दिसलं आणि ज्यांच्या जागतिक स्थितीचा फेरविचार व्हावा असं अहवालाने सुचवलं, त्यांत भारतीय नीलपंख आहे. म्हणजे तारेवरचा तो ‘साधाच’. युरोपीय पाहुण्याच्या शोधात माळ पालथा घालणारी माणसं गाडीची काच खाली करतात, दुर्बीण लावतात, ‘ह्या, इंडियनच आहे’ म्हणतात आणि काच वर करतात. उत्तरेकडे दसऱ्याला नीलकंठ दिसणं शुभ मानतात. आपल्याकडे त्याच आठवड्यात तो दिसला की सायटिंग वाया गेलं म्हणून हळहळतात. वहीत त्याला जागा नाही, कारण सुट्टीच्या दिवशी वेळ थोडा असतो आणि साध्या पक्ष्यावर तो कोण घालवणार. उद्या तो माळावरून उठून गेला तर कोणत्या वर्षी गेला हे सांगायला आपल्याकडे चार ओळीही नसतील. आणि मग एखाद्या रविवारी तोच दिसला की नऊ गाड्या त्याच्यासाठी निघतील.

राहता राहिला प्रश्न मंगळवारचा. पोटापाण्याचा उद्योग सोडून आडवारी माळावर कोण जाणार, असं विचारणाऱ्याने माळावर आधीच कोण आहे हे बघितलेलं नसतं. नीलपंख तारेवर बसतो, आणि तारांकडे पगारी नजर ठेवणारा माणूस म्हणजे गावोगावचा वायरमन. येलदरी आणि सिद्धेश्वरच्या पाण्यावर मासेमार पहाटे असतात. माजलगावच्या बॅकवॉटरवर गुराखी दुपारी असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी रोज त्याच ओढ्यावरून गाडी घालतात. भिगवणजवळच्या कुंभारगावात हे घडलेलंही आहे. मासे धरणारी माणसं आता नावेत पर्यटक बसवून पक्षी दाखवतात, आणि मोठाली लेन्स घेऊन आलेल्या साहेबांना ‘तो नाही, त्याच्या मागचा’ असं शांतपणे सुधारतात. त्यांच्यापाशी वर्षभराची हजेरी आहे. कोणता पक्षी कोणत्या पंधरवड्यात आला, यंदा उशीर झाला का, पाणी चढलं तेव्हा कुठे सरकला, हे सगळं त्यांना माहीत असतं. ते कुठे भरायचं हे कुणी विचारलेलं नसतं आणि त्यांचा फोन पर्यटकांचे फोन घेण्यातच गुंतलेला असतो. इतर तळ्यांवर तेवढंही नाही. तिथल्या माणसाला दुर्बीण देण्याआधी एक शंभर पानी वही आणि एक पेन द्यावं, आणि पहिले सहा महिने दुर्मीळ पक्ष्याचं नावही त्याच्याजवळ काढू नये. बगळे किती, खंड्या होता की नव्हता, तारेवर नीलपंख बसला का, इतकं त्याने लिहिलं तरी पुष्कळ. सहा महिन्यांनी एखाद्या बुधवारी तो आपण होऊन सांगेल की आज एक वेगळाच बसला होता, छातीपर्यंत सगळा निळा. तेव्हा शहरातल्या मंडळींनी त्याला पहिला प्रश्न लोकेशनचा विचारू नये. लोकेशन त्याला पाठ आहे, तो तिथेच राहतो.